पेट्रोल फोर बाय फोर नेमकी किती देते? स्वतःच्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायची पद्धत

पेट्रोलवाली फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) म्हटली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?", म्हणजे लिटरला किती किलोमीटर. आणि मालक लोक पण एक आकडा फेकून मोकळे होतात, कोणी बारा सांगतं, कोणी आठ, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. कारण या गाड्यांना एक ॲव्हरेज नसतंच, कमीत कमी तीन असतात: मोकळ्या रस्त्याचं, गर्दीतलं, आणि डांबर संपल्यावरचं. हे तीन वेगवेगळे काढल्याशिवाय गाडी जास्त पिते की कमी पिते यावर बोलण्यात अर्थ नाही.

कंपनीचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो खोटा नसतो, पण तो रोलरवर चालवलेल्या गाडीचा असतो. युरोपात 2017 पासून आलेली डब्ल्यूएलटीपी ही ॲव्हरेजची टेस्ट घ्या, 30 मिनिटांत साधारण 23 किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग 46 च्या आसपास, खोलीचं तापमान 23 डिग्री आणि एसी बंद. त्यात ना समोरचा वारा, ना चढ, ना तुमचं कॅरिअर आणि मागे लटकवलेली अवजड स्टेपनी.

आता मोजायचं कसं. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच जागी उभी करून परत पहिल्या कटपर्यंत भरा, आणि चाललेले किलोमीटर भागिले आत्ता गेलेले लिटर. कट झाल्यावर "अजून थोडं, अजून थोडं" करत गळ्यापर्यंत भरू नका, हिशोब तर बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जाऊन तो खराब होतो तो वेगळा. आणि दहा लिटरवर ॲव्हरेज काढायची घाई नको, भरताना एक लिटर इकडे तिकडे झालं तर दहा लिटरमध्ये ती चूक 10 टक्के होते, चाळीस लिटरमध्ये अडीच टक्के. निदान तीन टाक्या झाल्याशिवाय मी तरी कोणाला आकडा सांगत नाही.

डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांमध्ये जरा खुशामत करणारा असतो, पण तो फेकून देऊ नका. दोन-तीन टाक्यांशी ताडून बघा, समजा दरवेळी तो साधारण तितकाच जास्त दाखवतोय, तर तेवढं वजा करून वापरा.

सरासरी काढताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. समजा 300 किलोमीटर हायवेला 12 मिळालं आणि 300 किलोमीटर गर्दीत 8 मिळालं, तर सरासरी 10 नाही! पहिल्यात 25 लिटर गेलं, दुसऱ्यात साडेसदतीस, एकूण 600 भागिले 62.5, म्हणजे 9.6. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, आकड्यांची सरासरी कधीच नाही.

टायर बदललेत का? मग तुमचं मीटरच चुकीचं आहे. गाडी किलोमीटर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून, चाक मोठं झालं की एका फेरीत अंतर जास्त कापलं जातं पण मीटरला ते कळत नाही. 215/75 आर15 मापाचे टायर काढून 235/75 आर15 टाकले तर व्यास 703 मिलीमीटरवरून 733 वर जातो, साधारण सव्वाचार टक्के जास्त. म्हणजे मीटर 400 दाखवत असेल तर गाडी खरी 417 चालली. जीपीएस लावून एकदा शंभर किलोमीटर चालवून बघा आणि तो गुणक वहीत लिहून ठेवा. मोठे टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून रडणाऱ्यांपैकी निम्म्यांचं तर फक्त मीटर कमी मोजत असतं (उरलेल्यांचं मात्र खरंच पडलेलं असतं, जड टायर आणि त्यांची जाड नक्षी फुकट फिरत नाही).

डांबर संपल्यावर तर किलोमीटर सोडूनच द्या, तिथे तास मोजा. लो रेंजला (अवघड वाटेसाठीच्या हळू पण जोरकस गिअरला) इंजिन फिरतंय खूप आणि गाडी चालतेय माणसाच्या वेगाने, त्यामुळे किलोमीटरवर हिशोब केला तर काहीही आकडा येतो. माझ्या वहीतला एक दिवस, पाच तास, 40 किलोमीटर, 13 लिटर. किलोमीटरने बघितलं तर 3.1, ऐकूनच पोटात गोळा येतो, पण तासाला 2.6 लिटर म्हटलं की उद्या आठ तास जायचंय तर 21 लिटर लागेल हे लगेच कळतं. मऊ वाळू आणि खोल चिखलात हे बरंच वाढतं, त्यामुळे त्याचे तास वेगळे लिहा.

आता पितं कुठे ते. सगळ्यात मोठा खर्च वेगाचा. या गाड्या उभ्या कपाटासारख्या, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ऐवजी 100 ने गेलात की हवा 56 टक्के जास्त जोराने अडवते. छोट्या कारला पण हाच नियम, पण तिचं तोंड लहान असतं. ताशी 110 वरून 90 वर आलात तर जो फरक दिसतो तो कुठल्याही महागड्या फिल्टरने किंवा बाटलीतल्या औषधाने दिसणार नाही. रिकामं कॅरिअर पण उतरवून ठेवा, वापरत नसाल तर ते फक्त वारा अडवायला लावल्यासारखं आहे.

डिझेलवाले मित्र चिडवतात त्याचं कारण पण समजून घ्या. पेट्रोल इंजिनला हवा थ्रॉटलच्या अर्ध्या बंद झडपेतून ओढावी लागते, म्हणून कमी लोडला, जास्त आरपीएमला ते उगाच ताकद वाया घालवतं. उपाय साधा, इंजिन गुरगुरत नसेल तर वरचा गिअर टाका. आणि उतारावर न्यूट्रल मारून बचत करणाऱ्यांनो, ते बंद करा. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलला जाळत राहतं, वर इंजिन ब्रेकिंग पण गेलं.

फोर एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचे गिअर) डांबरावर लावून फिरू नका. पार्ट टाइम सिस्टिममध्ये (गरजेपुरती दांडीने लावायची) पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं, वळणावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात, स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात आणि पेट्रोल जातंच, शिवाय दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसची वाट लागते. डांबर लागलं की दांडी टू एच वर, म्हणजे दोनच चाकांना ताकद. फुल टाइम (चारही चाकांना कायम ताकद) असेल तर हा प्रश्न नाही, पण तो जादाचा भार कायमचा आहे हे धरून चाला.

टायरमधली हवा गाडी थंड असताना बघा. वाळूसाठी 18 पीएसआय वर आणली असेल तर डांबर लागल्यावर परत भरल्याशिवाय निघू नका, ॲव्हरेज तर जातंच पण टायर तापून फुटू शकतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे तेही बघा, त्यात ऊर्जा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून 10 टक्के मिश्रणात साधारण 3 टक्के आणि 20 टक्क्यांत 6-7 टक्के फरक पडतो, तो गाडीचा दोष नाही.

आणि अचानक दोन-तीनने पडलं तर मात्र दोष शोधा. माझ्या गाडीचं एकदा साडेदहावरून साडेआठवर आलं, गॅरेजवाल्याने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, काही फरक नाही. एक दिवस घाट नसलेल्या रस्त्यावरून वीस किलोमीटर येऊन थांबलो, चारही चाकांजवळ हात नेला, तीन कोमट आणि पुढचं उजवं असं तापलेलं की हात जवळ नेववेना. ब्रेक दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून ब्रेक अर्धवट धरून बसला होता. ही परीक्षा फुकट आहे, महिन्यातून एकदा कराच, फक्त हात लावू नका, जवळ न्या. दुसरा लपलेला चोर म्हणजे उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारी झडप), टेंपरेचरचा काटा कधीच मध्यावर येत नाही आणि इंजिन आपण थंडच आहोत समजून जास्त पेट्रोल मारत बसतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल कायम किती कमी-जास्त करतोय ते बघा, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या बाहेर सतत असेल तर सेन्सर किंवा हवेची गळती तपासायला द्या.

लांबच्या रानातल्या ट्रिपला टाकीचा शेवटचा पाव भाग हिशोबात धरूच नका, तीव्र चढावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि टाकीतला पंप हवा ओढतो, शिवाय तो पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कॅन भरताना गाडीत ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि कॅनमधून वाटेत ओतलेलं पेट्रोल वहीत लिहायला विसरू नका. मी 20 लिटर ओतले आणि लिहायचे राहिले, 420 किलोमीटरला 25 लिटरच दिसले, आणि "माझी सतरा देते" म्हणून दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो, तिसऱ्या दिवशी मागे ठेवलेला रिकामा कॅन दिसला.