पहिलं चित्र विकत घेताय? 'अप्रतिम!' लिहून बाहेर पडू नका

हापूसच्या दिवसांत पुणेकराला बघावं. आंबा देवगडचा की कर्नाटकातून आलेला, हे तो आधी खोदून खोदून विचारणार. मग गवत बाजूला सारून देठाशी नाक लावणार आणि शेवटी भावाचं बोलणार. तोच माणूस बालगंधर्वच्या कलादालनात शिरला की गप्प. हात मागे बांधून सगळ्या चित्रांपुढून फिरतो, अभिप्राय वहीत 'अप्रतिम!' लिहितो आणि बाहेर आल्यावर बायकोला विचारतो, "केवढ्याला असेल गं ते?" चित्रकार आत टेबलापाशीच बसलेला असतो, कुणी विचारेल म्हणून.

नवख्याच्या बहुतेक चुका या न विचारण्यातूनच होतात. बालगंधर्वचं कलादालन किंवा घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन अशा जागा चित्रकार स्वतः भाड्याने घेतात, त्यामुळे मध्ये कुणी नसतं. खासगी गॅलरीत मात्र किमतीचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही, गॅलरीकडे जातो. किंमत, माध्यम, कागद की कॅनव्हास, भाव फ्रेमसकट की फ्रेमविना, हे सगळं बिनधास्त विचारा. बरेच चित्रकार चौरस इंचाचा दर ठरवतात. समजा दर २५ रुपये असेल, तर २४ बाय ३० इंचाचं चित्र १८,००० रुपयांना पडेल आणि त्याच हाताचं १० बाय १४ चं ३,५०० ला. म्हणून बजेट अपुरं असेल तर घासाघीस करण्यापेक्षा "यापेक्षा लहान काही आहे का?" असं विचारावं. टेबलाखाली फ्रेम न केलेल्या कामांचा एक गठ्ठा अनेकदा असतो. तो मागून बघा. मला भिंतीवरच्या चित्रांपेक्षा त्या गठ्ठ्यातलीच जास्त आवडली आहेत.

दुसरी चूक म्हणजे छापील चित्राला हाताने रंगवलेल्याचा भाव देणं. फर्निचरच्या दुकानात सोफ्यामागे टांगलेलं 'हँडमेड पेंटिंग' पुष्कळदा कॅनव्हासवरचा प्रिंट असतो, वर पारदर्शक जेलचे फटकारे ओढलेले. चित्र उजेडाकडे तिरकं धरा. फटकारा एकीकडे चाललाय आणि खालचं पान किंवा नाक भलतीकडे, असं दिसलं तर समजून जा. मोबाइल जवळ नेऊन झूम केल्यावर रंगांचे बारीक ठिपके दिसतात का, तेही बघा. प्रिंट घेणं वाईट नाही, प्रिंटला प्रिंटचाच भाव द्यावा एवढंच. वुडकट, एचिंग, लिथोग्राफ ही मात्र अनुक्रमे लाकूड, धातूचा पत्रा आणि दगड यांवर कलाकाराने स्वतः घडवून छापलेली मुद्राचित्रं. त्यांच्याखाली पेन्सिलने ५/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचविसातली पाचवी प्रत. कमी पैशांत नामवंताचं काम घरी आणायची ही उत्तम वाट आहे.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कुणी 'ओरिजिनल रविवर्मा' दाखवला तर थोडा इतिहास आठवा. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो मळवलीला आला, म्हणजे आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर. तिथून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वती मुळात छापीलच. आणि अलीकडची ऑफसेटची नक्कल जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवता येते, हेही लक्षात असू द्या.

मापाची चूक सगळेच करतात. गॅलरीच्या उंच भिंतीवर मोठं वाटलेलं चित्र आपल्या हॉलमध्ये टपाल तिकिटाएवढं दिसतं. घेण्याआधी त्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. सोफ्यावर लावायचं असेल तर रुंदी सोफ्याच्या दोनतृतीयांश असावी, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. आपल्याकडे चित्र कॅलेंडरच्या खिळ्याला, म्हणजे थेट छताखाली टांगायची सवय आहे. सोफ्याच्या कव्हरला मॅच होणारं चित्र शोधू नका, कव्हर दिवाळीला बदलतं.

खिळ्याचंही एक प्रकरण आहेच. वाड्याच्या मातीच्या भिंतीत ठोकला तर मूठभर माती घेऊन बाहेर येतो, नव्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये वाकतो, हलक्या ब्लॉकच्या भिंतीत चार महिन्यांनी सैल पडतो. ड्रिल आणि भिंतीला साजेसा प्लग वापरा.

पावती घ्या. तिच्यावर चित्राचं नाव, माध्यम, माप, वर्ष आणि चित्रकाराची सही हवी. चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, त्यामुळे सोसायटीच्या स्मरणिकेवर छापण्याआधी त्याला विचारा.

आता माझी स्वतःची चूक. पहिलं जलरंगचित्र घेतलं, पावसातली पेठ, वर भरपूर आभाळ. फ्रेमवाल्याला म्हटलं, स्वस्तात करा. त्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, न लावता कागद थेट काचेला टेकवला, मागे साधा पुठ्ठा ठोकला. मी ते पश्चिमेच्या भिंतीवर लावलं, जिला जुलैत हात लावला तरी ओल लागते. दुसऱ्या पावसाळ्यात आभाळात तपकिरी ठिपके उमटले आणि एक कोपरा काचेला चिकटला. मी काच सुटी करायला गेलो, तेव्हा पेठेतले एक म्हातारे फ्रेमवाले ओरडलेच, "ओढू नका साहेब, आभाळ काचेवर राहील!"

त्यांनी ते पूर्ण सुकू दिलं, मग फार सावकाश सोडवलं. नंतर आम्लविरहित माउंट घातला, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले, भिंतीमागून हवा खेळावी म्हणून. तुमच्याकडे बुरशी दिसली तर आधी चित्र कोरड्या, हवेशीर जागी हलवा, ओल्या फडक्याने पुसू नका. काच पुसायचा फवाराही फडक्यावर मारा, काचेवर नाही, कारण तो कडेने आत झिरपतो. चित्र मोलाचं असेल तर स्वतः हात न लावता कागदाचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. आणि ओलीची भिंत टाळताच येत नसेल तर तिथे कागद नको, बिनकाचेचा अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास लावा, तोही बुचं लावूनच.

माझं चित्र आता आतल्या भिंतीवर आहे. ठिपके गेले नाहीत. पाहुणे त्यांना ढग समजतात.