मातीच्या ट्रॅकवर माइक हाती घेण्यापूर्वी

मातीच्या ट्रॅकवरील मोटार शर्यतींचे निवेदन करणाऱ्याने आपली तयारी नेमकी कोणत्या वेळेसाठी आहे, हे आधी ठरवून घ्यावे. हिरवा झेंडा पडला की वीस-बावीस इंजिने एकदम गर्जू लागतात आणि कर्ण्यांतून येणारे बोलणे प्रेक्षकांपर्यंत तुकड्यातुकड्यांनीच पोहोचते, त्यामुळे तेवढा वेळ शर्यतच स्वतःचे निवेदन करत असते. खरी कसोटी लागते ती गाड्या मंदावल्यावर किंवा थांबल्यावर, म्हणजे पिवळ्या (सावध, हळू चला) आणि लाल (थांबा) झेंड्यांच्या वेळी. पुढील यादी मुख्यतः त्या मिनिटांसाठी आहे.

पहिले काम नावांचे. शर्यती संध्याकाळी असल्या तरी दुपारीच पिटमध्ये, म्हणजे गाड्या सज्ज करण्याच्या आवारात, जावे, प्रवेशयादी हातात घेऊन प्रत्येक गाडीपाशी थांबावे आणि आडनावाचा उच्चार चालकाच्या स्वतःच्या तोंडून ऐकावा. ऐकलेले तिथल्या तिथे देवनागरीत लिहावे. आपल्या लिपीत उच्चार जसाच्या तसा उतरतो, ही सोय रोमन यादीकडे पाहून बोलणाऱ्याला नाही. मी एका तरुण चालकाचे आडनाव जवळजवळ अर्धा हंगाम चुकीचे उच्चारत होतो. त्याने कधी तक्रार केली नाही, पण एके रात्री त्याची आजी निवेदकाच्या खोलीचा जिना चढून आली आणि माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेऊन मगच खाली उतरली. तेव्हापासून नवा चालक दिसला की मी आधी उच्चार विचारतो आणि गाडीची चौकशी नंतर करतो.

नावासमोर केवळ गाडीचा क्रमांक लिहून भागत नाही. एकच क्रमांक दोन गाड्यांवर असणे नेहमीचे आहे. अशा वेळी एकीच्या क्रमांकामागे अक्षर जोडतात, पण ते दुरून दिसत नाही. शिवाय ट्रॅक ओला असेल, तर काही फेऱ्यांतच दारावरचा आकडा चिखलाने माखून जातो. म्हणून गाडीवर बसवलेल्या पंखाचा रंग, हेल्मेटचा रंग आणि नाकाडावरची एखादी ठळक पट्टी अशा खुणा टिपून ठेवाव्यात. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर स्प्रिंट कारची, म्हणजे उघड्या चाकांच्या हलक्या पण ताकदवान गाडीची, फेरी साधारण 15 सेकंदांत संपते. यादीत नाव शोधायला मान खाली घालावी, तर तेवढ्यात आघाडी बदललेली असते.

पिटमधून परतताना ट्रॅकच्या कडेची मूठभर माती उचलून दाबून पाहावी. गोळा होऊन त्यावर बोटांचे ठसे उमटले, तर पाण्याचा टँकर आपले काम नीट करून गेला आहे आणि सुरुवातीच्या शर्यती वेगवान होतील, असे समजावे. रात्र चढते तशी चिकणमाती सुकून गुळगुळीत होते, काळसर चमकू लागते आणि सुटी माती बाहेरच्या कडेला ढिगासारखी साचते. त्या ढिगाला कुशन म्हणतात. उजवे मागचे चाक त्याला टेकवून वरून, म्हणजे बाहेरच्या कडेने, जाणारा चालक आणि आतली कडा धरून चालणारा चालक यांतील फरक मुख्य शर्यतीपूर्वी प्रेक्षकांना समजावून सांगता आला, तर पुढचे सारे त्यांना आपोआप दिसू लागते. त्यासाठी प्रत्येक प्राथमिक शर्यतीत कोण कुठून गेला, याची एक ओळ लिहून ठेवावी.

सामानाविषयी थोडक्यात. दोन पेन्सिली घ्याव्यात, कारण धुळीत आणि दवात पेन दगा देते. दुर्बीण, काच पुसायला ओले फडके, माइकचा स्पंजी टोप, जादा बॅटऱ्या आणि साधे पाणी बरोबर असावे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे पलीकडच्या वळणावरच्या कर्ण्यातून आपलेच बोलणे जवळपास सेकंदभर उशिरा कानी येते आणि जीभ अडखळते; कान झाकणारा हेडफोन त्यावर उपाय आहे. वाक्ये मात्र आखूडच ठेवावीत.

कोणत्या शर्यतीतून किती गाड्या पुढे जाणार, फेऱ्या किती आणि पुन्हा सुरुवात करताना रांग कशी लागणार, हे शर्यत संचालकाकडून त्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावे. मागच्या आठवड्याचा नियम आजही तोच असेल, असे गृहीत धरू नये. पिवळ्या झेंड्यानंतर क्रमावरून वाद झाला, तर नियंत्रण कक्षाकडून निर्णय येईपर्यंत आपला अंदाज माइकवर आणू नये.

थांबलेल्या वेळासाठी काही मजकूर हाताशी असावा. वर्ल्ड ऑफ आउटलॉज ही स्प्रिंट कारची मालिका 1978 मध्ये सुरू झाली, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल नॅशनल्स ही शर्यत 1961 पासून होते, ओहायोतील एल्डोरा ट्रॅक 1954 मधला आहे, एवढ्या आठवणी जुन्या प्रेक्षकांना बोलते करायला पुरतात. नवख्यांना यंत्राची माहिती अधिक रुचते: स्प्रिंट कारचे 410 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 6.7 लिटरचे इंजिन मिथेनॉलवर चालते आणि गाडीला स्टार्टर नसल्यामुळे ती मागून ढकलूनच सुरू करावी लागते.

लाल झेंड्यासाठी मी एक वेगळा कागद ठेवतो, आणि त्यावर एकच वाक्य आहे: सुरक्षा पथक गाडीपाशी पोहोचले आहे. चालकाचे कुटुंबीय बहुधा प्रेक्षकांतच बसलेले असतात, म्हणून त्याच्या प्रकृतीविषयी तर्क करू नये आणि गाडी किती कोलांट्या खाऊन पडली, याचे वर्णन तर मुळीच करू नये. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तेव्हा वरून पाहून आग नसल्याचा निर्वाळा देणेही धोक्याचे. स्टॉक कारमध्ये, म्हणजे साध्या मोटारीसारख्या बंद गाडीत, चालकाने खिडकीची जाळी खाली सोडली, तर तो ठीक असल्याची ती खूण असते. जाळी पडलेली स्वतः पाहिल्यावरच तसे सांगावे. तोवरची शांतता लांबत चालली, तरी ती भरून काढण्याचा मोह आवरावा. सगळ्यांत अवघड तयारी हीच आहे, आणि मला ती अजून पुरती साधलेली नाही.

विजेत्यासाठी दोन प्रश्न आधीच लिहून ठेवावेत: कोणत्या फेरीला वरची वाट धरली आणि का, आणि शेवटी टायर किती उरला होता. कसे वाटते, असे विचारले की उत्तरात आभारांची यादी येते. गाडीचे वजन आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत निकाल तात्पुरता असल्याचे सांगायला विसरू नये. घरी निघण्यापूर्वी प्रवेशयादीच्या मागच्या बाजूला आज चुकलेले उच्चार लिहावेत आणि तो कागद पुढच्या शर्यतीच्या फायलीत सर्वांत वर ठेवावा.