अमेरिकेतल्या समर कॅम्पवर काम करायचंय? बडोद्याच्या मुलामुलींसाठी

समर कॅम्पची भरती उन्हाळ्यात होत नाही. जूनमध्ये उघडणाऱ्या कॅम्पसाठी माणसं निवडायला आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरुवात होते आणि चांगल्या जागा फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरून जातात. आपल्याकडची मुलं मात्र परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये विचारायला येतात. त्या वर्षापुरतं तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून नवरात्र संपली की अर्जाला बसा. पुढे दिवाळी, मग लग्नसराई, मग उत्तरायण, मग सबमिशनं, असं करत वेळ हातातून निघून जातो.

मी युनिव्हर्सिटीत ह्यूमन डेव्हलपमेंट शिकत असताना अमेरिकेच्या मेन राज्यातल्या तळ्याकाठच्या एका कॅम्पवर काउन्सेलर, म्हणजे मुलांबरोबर राहून त्यांना सांभाळणारी ताई, म्हणून गेले होते, नंतर पुन्हाही गेले. आता दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगरकडची मुलं आपले अर्ज मला वाचायला आणून देतात. बहुतेक अर्ज नोकरीचे असावेत तसे असतात: दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, एक्सेल येतं, टीमवर्क आवडतं. पण कॅम्पच्या डायरेक्टरला वेगळीच गोष्ट ठरवायची असते. नऊ वर्षांची दहा मुलं लाकडी केबिनमध्ये झोपणार, त्यांच्याबरोबर तिथेच कोण झोपणार, हे त्याला ठरवायचं असतं. सकाळी त्यांना उठवणं, जेवायला नेणं, पोहायला नेणं, दुपारी पत्रं लिहायला बसवणं, भांडणं सोडवणं आणि रात्री घराच्या आठवणीनं रडणाऱ्याजवळ बसणं हे सगळं तुम्ही करणार. अर्जातल्या प्रत्येक ओळीतून त्याला एवढंच कळायला हवं, की तुम्ही मुलांमध्ये राहिला आहात आणि मुलं तुमच्यापाशी सुरक्षित असतात.

ते दाखवण्यासारखं आपल्याकडे भरपूर असतं. मंडळाच्या गणपतीत लहान मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा घेतल्यात? मे महिन्यातल्या शिबिरात मदतनीस होतात? सोसायटीतल्या मुलांना गरबा शिकवलात? हाच अनुभव. फक्त तो नेमका लिहा. ‘मला मुलं आवडतात’ या वाक्यातून डायरेक्टरला काहीच कळत नाही. ‘सात ते दहा वयाच्या पंचवीस मुलांना दोन आठवडे रोज संध्याकाळी बे ताळी आणि त्रण ताळी, म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा, शिकवला, जी मुलं लाजत होती त्यांना आधी टाळ्या मोजायचं काम दिलं’ असं लिहिलं की त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं. गरब्याला कमी लेखू नका. कॅम्पवर रोज संध्याकाळी सगळ्यांसाठी काहीतरी कार्यक्रम लागतो. शंभर मुलांना एका गोलात अर्ध्या तासात नाचायला लावता येणं ही तिथे फार कामाची कला आहे. लेझीमचंही तेच. पतंग करणं आणि किन्ना (कन्नी) बांधणं आर्ट्स ॲण्ड क्राफ्ट्सच्या तासाला चालतं. फक्त दोरा साधा, मांजा नाही.

मल्लखांबाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रोफेसर माणिकरावांच्या या गावात जुम्मादादा व्यायाम मंदिरात किंवा दुसऱ्या आखाड्यात तयार झालेली मुलं बरीच आहेत. ती अर्जात ‘मल्लखांब, राज्य पातळी’ एवढंच लिहून मोकळी होतात. परक्या माणसाला त्यातून काय कळणार? पुरलेल्या लाकडी खांबावर आणि लोंबत्या दोरीवर करायचे कसरतीचे प्रकार, असं दोन ओळींत सांगा. मग खरी महत्त्वाची गोष्ट सांगा: लहान मुलांना पहिली उडी शिकवताना तुम्ही कुठे उभे राहता, हात कुठे धरता, गादी कशी लावता, घाबरलेल्या मुलाला कधी थांबवता. मात्र तिथे खांब रोवून द्याल, असं आश्वासन देऊ नका. उंचीवरच्या कुठल्याही गोष्टीला कॅम्पचे विम्याचे आणि सुरक्षेचे नियम लागतात. अनेक कॅम्पवर जिम्नॅस्टिक्स, सर्कस आर्ट्स किंवा रोप्स कोर्स (उंचावर बांधलेल्या दोरांवरचे अडथळे) असतो. ‘या विभागात मी उपयोगी पडेन’ असं म्हणा. गुजरात सरकारच्या माउंट अबूच्या गिर्यारोहण संस्थेत खडक चढण्याचे कोर्स चालतात. ते प्रमाणपत्र असेल तर नक्की जोडा. पोहणं पक्कं करा. लालबागच्या तरणतलावात सकाळी जाणाऱ्यांनी ते अर्जात लिहावं. मात्र नुसतं पोहता येतं म्हणून स्वतःला लाइफगार्ड म्हणवू नका. त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि बऱ्याचदा कॅम्पच ते करून घेतो. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचा प्रथमोपचाराचा वर्ग मात्र इथेच करून ठेवा.

व्हिडिओ मागतात. तो दोन मिनिटांचा पुरे, पण त्यात तुम्ही शिकवताना दिसा. स्वतःच्या कसरती शेवटी दहा सेकंद दाखवल्या तरी चालतात. व्हिडिओत मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. हे डायरेक्टरला सांगितलंत तर तुमच्याबद्दल त्याचं मत चांगलंच होईल.

शिफारस देणारी माणसं नीट निवडा. काका-मामा चालत नाहीत. लेटरहेडवर सही करून देणारे मोठे सरही, त्यांनी तुम्हाला मुलांबरोबर पाहिलं नसेल तर, उपयोगाचे नाहीत. माझ्या वेळी आमच्या विभागाच्या चेतन बालवाडीतल्या प्रॅक्टिकलमुळे मला मुलांबरोबर रोज बघणाऱ्या शिक्षिका होत्या, आणि त्यांचे चार शब्द कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे ठरले. शिबिराच्या ताई, व्यायामशाळेचे दादा, शाळेतल्या बाई यांना आधी जाऊन भेटा. फॉर्म थेट त्यांच्या ईमेलवर येतो, कधी फोनही येतो. त्यांना ते इंग्रजीत जमेल का, हे संकोच न करता विचारा. मजकूर त्यांचाच असू द्या, तुम्ही लिहून देऊ नका.

आता कागदपत्रं. अमेरिकेत या कामासाठी जे-१ व्हिसाचा कॅम्प काउन्सेलर हा वेगळा प्रकार आहे. वय १८ पूर्ण हवं, इंग्रजी बोलता यायला हवं, आणि तुम्ही विद्यार्थी, शिक्षक, मुलांमध्ये काम करणारे किंवा विशेष कौशल्य असलेले असायला हवेत. मुदत जास्तीत जास्त चार महिने. कॅम्पनं होकार दिला म्हणून व्हिसा मिळत नाही. मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था लागते. ती तुमची मुलाखत घेते आणि डीएस-२०१९ हा फॉर्म, म्हणजे जे-१ व्हिसासाठी पात्र असल्याचा दाखला, देते. मान्यताप्राप्त स्पॉन्सरची यादी त्या खात्याच्या जे-१ व्हिसाच्या संकेतस्थळावर प्रकारानुसार बघता येते. कुणी एजंट भेटला तर पहिला प्रश्न हाच विचारा: स्पॉन्सर कोण? नाव सांगितलं तर यादीत शोधा, आणि तो इथला तुमचा माणूस आहे का, असं त्या संस्थेला स्वतः ईमेल करून विचारा. नाव सांगायला कुरकुर केली तर उठून या.

आणखी एक नियम पाठ करून ठेवा. काउन्सेलरच्या व्हिसावर गेलेल्या मुलाला स्वयंपाकी, भांडी घासणारा, सफाईवाला किंवा ऑफिसातला कर्मचारी म्हणून ठेवता येत नाही. ती कामं समर वर्क ट्रॅव्हल या दुसऱ्या प्रकारात येतात आणि तो फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. भांडी घासण्यात कमीपणा अजिबात नाही, पण कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं असेल तर अडकाल तुम्ही. पगारही त्याच कामाच्या अमेरिकी काउन्सेलरच्या बरोबरीनं द्यावा लागतो. राहणं-जेवणं कॅम्पवर असतं. तरी स्पॉन्सरची फी, विमा, व्हिसा, मुंबईच्या खेपा आणि विमानाचं तिकीट मांडून बघा. पैसे साठवायला म्हणून जाणार असाल तर हा मार्ग त्यासाठी नाही. मी घरी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की खर्च निघाला तरी पुष्कळ.

काही जण इंग्लंड-कॅनडाचं विचारतात. कॅनडाच्या तरुणांसाठीच्या इंटरनॅशनल एक्स्पीरियन्स योजनेत भारत नाही. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना आहे, पण तिला पदवी लागते आणि आधी सोडतीत नाव यावं लागतं.

कॅम्पची मुलाखत व्हिडिओवर होते. हिवाळ्यात न्यूयॉर्कची वेळ आपल्या साडेदहा तास मागे असते, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा ते आपले रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे सरकली की तीच मुलाखत साडेसातला येते. त्या वेळी घरात टीव्ही, कुकर, पाहुणे काहीही नको.

प्रश्न साधे असतात, उत्तरं विचारपूर्वक द्यावी लागतात. रात्री एखाद्यानं अंथरूण ओलं केलं तर? बाकीची मुलं उठायच्या आत, कुणाला कळू न देता चादर बदलायची आणि त्याला काहीच घडलं नाही असं वाटू द्यायचं. घरची आठवण काढून जेवत नसेल तर? ‘रडू नकोस’ म्हणायचं नाही. आठवण येतेच हे मान्य करायचं, मग त्याच्या हाताला काम द्यायचं. मूल म्हणालं, ‘एक गोष्ट सांगते, पण कुणाला सांगू नका’? असं वचन देता येत नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला लागलं तर मी वरिष्ठांना सांगेन’ असं आधीच म्हणायचं. मुलांसोबत बंद खोलीत एकट्यानं थांबायचं नाही. आणि हात उगारायचा नाही, कुठल्याही कारणानं. आपल्याकडे पाठीत धपाटा प्रेमाचा मानतात. तिथे त्याच दिवशी परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. ही उत्तरं घोकू नका. अर्ज करायच्या आधी चार महिने दर रविवारी कुठल्यातरी बालवर्गात जा, उत्तरं तिथेच सापडतील.

गावाबद्दल विचारलं तर राजवाड्यापाशी थांबू नका. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि त्यानं राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली, हे सांगा. तुमच्याशी बोलणाऱ्या अमेरिकी माणसाला त्याच्या देशाशी आपल्या गावाचं असलेलं जुनं नातं कळतं आणि बोलणं मोकळं होतं.

तुम्हीही विचारा. कॅम्पचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता आहे का? केबिनमध्ये किती मुलं, किती काउन्सेलर? आठवड्याची सुट्टी कशी? कॅम्प धार्मिक संस्थेचा आहे का? शाकाहारी जेवण रोज मिळेल का, आणि तुम्ही अंडं खाता की नाही, हे तेव्हाच बोलून घ्या. विशेष गरजा असलेल्या मुलांचा कॅम्प असेल तर भरवणं, आंघोळ घालणं हे सगळं करावं लागतं. मनाची तयारी असेल तरच हो म्हणा. तयारी असेल तर त्यासारखं शिक्षण दुसरं नाही.

होकार आल्यावर आधी कॉलेजात जा. कॅम्पचं प्रशिक्षण जूनमध्ये सुरू होतं, मुलं ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतात, आणि आपलं नवं वर्ष नेमकं त्याच काळात सुरू होतं. विभागप्रमुखांकडून सुट्टीची परवानगी लेखी घ्या. ते पत्र व्हिसाच्या मुलाखतीतही उपयोगी पडतं, कारण तुम्ही शिकायला परत येणार आहात हे त्यातून दिसतं. घरच्यांनाही आत्ताच सगळं दाखवा. मुलींच्या आयांना रात्री कोण सोबत असेल याची काळजी असते. मुलींच्या केबिनमध्ये मुलीच काउन्सेलर असतात, हे डायरेक्टरच्या तोंडून त्यांना ऐकवा.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, मिळवायला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करा; फी ५०० रुपये. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या. वैद्यकीय फॉर्ममध्ये लसींच्या तारखा लागतात, तेव्हा लहानपणीचं कार्ड शोधायला लागा. क्षयाची चाचणी मागितली तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आपण सगळ्यांनी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालेल का, हे कॅम्पच्या नर्सला विचारून घ्या.

डीएस-२०१९ हातात आला की सेव्हिसची (अशा व्हिसावाल्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) फी भरा. काउन्सेलरसाठी ती ३५ डॉलर आहे, इतर बऱ्याच जे-१ प्रकारांसारखी २२० नाही. मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, व्हिसाची १८५ डॉलर फी भरायची आणि मुंबईची तारीख घ्यायची. आकडे बदलू शकतात, भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ बघा. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. ती सगळी लिहा, आणि २०२५ पासून जे-१ व्हिसावाल्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. बोटांचे ठसे आणि बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकी वाणिज्य दूतावासातली मुलाखत वेगवेगळ्या वेळी असतात, म्हणून मुंबईत नातेवाइकांकडे राहायची सोय करा. आत मोबाइल नेता येत नाही. कुठल्या कॅम्पवर, कोणत्या वयाच्या मुलांना, काय शिकवणार, परत येऊन काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगा. पाठ केलेलं लगेच कळतं.

तिथे गेल्यावर सोशल सिक्युरिटी नंबरचा (पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाचा) अर्ज लवकर करा. पगाराचा फॉर्म भरताना कॅम्पच्या ऑफिसला आठवण करून द्या, की जे-१वरच्या अनिवासी माणसाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (तिथल्या पेन्शन आणि आरोग्य योजनांचा) कर कापत नाहीत. प्राप्तिकर मात्र लागू असतो. काम संपल्यावर हिंडायला ३० दिवस मिळतात, त्यात नोकरी करता येत नाही. निघण्यापूर्वी ऑफिसात बडोद्याचा पूर्ण पत्ता आणि चालू ईमेल देऊन या. पुढच्या जानेवारीत डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, त्यावरच येतो, आणि त्यावरून १०४०-एनआर हे विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. जास्त कापलेला कर त्यातूनच परत मिळतो.