विमानात चढायच्या आधीच तब्येत बिघडली तर
मे महिन्यात आर्णी-दारव्ह्याकडून तापलेल्या गाडीत नागपूर एअरपोर्ट गाठेपर्यंत म्हाताऱ्या माणसाले चक्कर येणं काही नवीन नाही, पण लोकं गुपचूप बसून राह्यतात, काहून की सांगितलं तर चढूच देणार नाही. तसा अधिकार एअरलाइनले आहेच बाप्पा, भांडून फायदा नाही. गेट बंद व्हायच्या आधी काउंटरवर सांगा, एअरपोर्टचा डॉक्टर बोलवायले लावा, त्याचा कागद घ्या अन् ऑफलोड केल्याची, म्हंजे त्या विमानातून नाव काढल्याची, नोंद मागा, चेक-इन केलेली बॅगही उतरवून घ्या. तिकिटाचे पैसे किंवा पुढची तारीख हे कंपनीच्या नियमावर, पण टॅक्स अन् एअरपोर्टची फी नॉन-रिफंडेबल तिकिटावरही परत भेटते, डीजीसीएचा, म्हंजे विमानसेवेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे तसा, अन् एजंटकडून तिकीट काढलं असंल तरी पैसे परत करायची जबाबदारी एअरलाइनचीच.