मँडोलिनला पट्ट्याचं बटण बसवताना

नव्या मँडोलिनला टेलपीसपाशी, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तिथे, एक बटण बहुतेक वेळा कारखान्यातूनच बसवून येतं. पट्ट्याचं दुसरं टोक कुठे अडकवायचं, ते आपण बघायचं. गोव्यात मँडोलिन हाती घेणारे पुष्कळ जण आधी व्हायोलिन शिकलेले असतात. दोन्हींच्या तारा जी-डी-ए-ई अशाच लागतात, त्यामुळे डावा हात लगेच रुळतो. पण व्हायोलिनला पट्टा नसतो. मग ही मंडळी मँडोलिनही कोपराखाली दाबून उभी राहतात आणि दोनतीन मांडो होईस्तोवर मनगट आखडतं.

आधी वाद्य नीट पाहा. एफ-स्टाइल असेल, म्हणजे वरच्या खांद्याला लाकडाचा वळलेला पीळ असेल, तर पट्टा त्या पिळात अडकवा आणि वाजवायला बसा. भोक पाडायची गरज नाही. गोल पोटाचं जुन्या घडणीचं असेल तर पोटाला ड्रिल लावायचंच नाही, त्या लाकडी पट्ट्या फार पातळ असतात. राहिलं ए-स्टाइल, म्हणजे पीळ नसलेलं, थेंबाच्या आकाराचं. डोक्याला, म्हणजे खुंट्या असलेल्या मानेच्या टोकाला, तारांखालून दोरी बांधून पट्टा लावा, असं बरेच जण सुचवतात. वॉरंटीची काळजी असेल तर तसं करा. मला ते पटत नाही: पट्टा नेमका पहिल्या पडद्यांपाशी हाताच्या आड येतो. बटण मानेच्या टाचेवरच हवं, म्हणजे मान पोटाला मिळते तिथे मागे उतरलेल्या जाड लाकडावर, पातळ तारांच्या बाजूला.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या. बटणासोबत येणारा मुलाम्याचा लोखंडी स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंजतो, मग काढायला गेलं की आतच तुटतो. पितळी दिसतो छान, पण नरम असतो. तोच बसवायचा असेल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या. तारा सैल करू नका. घोडी नुसती तारांच्या दाबावर उभी असते, ती सरकली की सूर जुळवण्यात संध्याकाळ जाते.

आता भोक. सगळं काम इथेच आहे, आणि सगळे वाईट सल्लेही इथलेच. ‘स्क्रू सरळ पिळा, लाकूड धरून ठेवतं’ असं सांगणाऱ्याला वाद्याजवळ फिरकू देऊ नका. मान बहुधा मेपलची किंवा महोगनीची असते आणि रेषा मानेच्या लांबीने धावतात. भोक न पाडता घातलेला स्क्रू पाचरीचं काम करतो, टाच त्या रेषेवर उभी चिरते. भोक फार बारीक असलं तरी तेच.

ड्रिलचं बिट निवडायला तक्ता लागत नाही. स्क्रूसमोर बिट धरून उजेडात पाहा. बिटाआड स्क्रूचा गाभा पूर्ण झाकला जावा आणि दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसावेत. मेपलला एवढंच, महोगनीला किंचित बारीक चालेल.

मग खोली. मला सगळ्यात जास्त धाकधूक इथे व्हायची, आणि व्हायलाच हवी. स्क्रू 25 मिलिमीटरचा असेल आणि बटणातच 10 गेले, तर लाकडात 15 जातात. मँडोलिनची टाच गिटारसारखी रुंद नसते, मागे उतरताना आणखी निमुळती होते. जिथे स्क्रू जाणार नेमकी तिथली जाडी कॅलिपरने मोजा. 20 मिलिमीटर भरली तर 15 गेल्यावर पलीकडे जेमतेम 5 उरतात. जाडीच्या दोन-तृतीयांशापुढे मी जात नाही, स्क्रू आखूड घेतो. ठरलेल्या खोलीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा आणि ती लाकडाला टेकली की थांबा. जागा टाचेच्या मधोमध हवी. पोटाच्या सांध्याकडे सरकू नका, आत मानेचा जोड असतो.

त्या जागी मास्किंग टेप लावा, खूण करा, टोच्याने बारीक खळगा पाडा. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा: पॉलिश कापलं जातं, त्याचे टवके उडत नाहीत. मग सुलट, अगदी हळू, मधूनमधून भुसा काढत. ड्रिल काटकोनात आहे का, ते कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. आपल्या डोळ्यांना ते नेहमी सरळच वाटतं. शेवटी जाड बिट हाताने फिरवून भोकाची कड किंचित उतरवा, नाहीतर स्क्रू कसताना पॉलिश उचललं जातं.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो. बटणाखाली नमद्याची चकती ठेवा आणि हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, चकती जेमतेम दबेपर्यंत कसा.

टेलपीसपाशचं कारखान्यातलं बटणही हलवून बघा. ते नुसतं ठोकून बसवलेल्या निमुळत्या खुंटीचं असेल तर पावसाळ्यात घट्ट वाटतं आणि लाकूड सुकलं की निसटतं. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. कठीण लाकडाची गोल खुंटी फेविकॉल लावून बसवा, रात्रभर वाळू द्या, नव्याने भोक पाडा.

पट्टा घातल्यावर मँडोलिन आधी गादीवर धरून ओढून पाहा. चामड्याची चीर घट्ट असेल तर ब्लेडने मिलिमीटरभरच वाढवा. आणि पॉलिश नायट्रोसेल्युलोजचं असेल तर पेटीत ठेवताना रेक्झिनचा पट्टा काढून ठेवा, त्याचा डाग पॉलिशवरून जात नाही.