हेडलाइटची झाकणं अडकली? ॲक्चुएटर मागवण्याआधी या चुका टाळा

जुन्या अमेरिकन मसल कारच्या ग्रिलमध्ये लपणारे हेडलाइट बंद असताना रुबाबदार दिसतात. एक झाकण उघडं आणि दुसरं अर्धवट मिटलेलं राहिलं, की तीच गाडी अर्धांगवायू झाल्यासारखी दिसते. मग मालक पहिलं काम काय करतो? दोन नवे ॲक्चुएटर (झाकण हलवणारे डबे) मागवतो. नेमकी हीच चूक सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत महाग पडते.

आधी आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे ते बघा. १९६७ च्या शेव्हरोले कॅमेरो आरएसची (रॅली स्पोर्ट) झाकणं विजेच्या मोटरवर चालतात, १९६८ आणि १९६९ ची व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाने हवा ओढून तयार केलेल्या पोकळीवर. डॉज चार्जर १९६६-६७ मध्ये मोटरवर होती, १९६८-६९ मध्ये व्हॅक्यूमवर आली. १९६८-६९ ची पॉन्टिॲक जीटीओ आणि १९६७-७० ची मर्क्युरी कूगर या व्हॅक्यूमच्या. मॉडेलचं वर्ष न बघता सल्ला मागणारे आणि तसाच सल्ला देणारे, दोघेही भरपूर आहेत.

न तपासता ॲक्चुएटर बदलणं

व्हॅक्यूमचा ॲक्चुएटर म्हणजे एक डबा, मधोमध रबरी डायफ्राम (पडदा) आणि त्याला झाकण हलवणारा दांडा. एका बाजूला व्हॅक्यूम दिला की झाकण उघडतं, दुसऱ्या बाजूला दिला की मिटतं. बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: एका बाजूने हवा ओढली जात असताना दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत यावी लागते. तिची वाट बंद असेल, तर कोरा करकरीत ॲक्चुएटरही रेंगाळतो.

१९६९ च्या एका आरएस कॅमेरोत उजवं झाकण आळसावल्यासारखं उघडत होतं. मालकाने दोन्ही ॲक्चुएटर बदलले, मग डॅशमागचा हेडलाइट स्विच, मग नळ्यांचा पूर्ण संच. झाकण होतं तसंच. शेवटी लाइट चालू ठेवून त्या ॲक्चुएटरची 'मिटण्याच्या' बाजूची नळी उपसली आणि झाकण क्षणात खाड्कन उघडलं. रेडिएटरच्या सपोर्टमागे एका ब्रॅकेटखाली ती नळी चेपली होती. नवी नळीही त्याच वाटेने, त्याच ब्रॅकेटखाली घातलेली! एक नळी उपसून बघायला पैसे पडत नाहीत, पण पार्सल उघडण्यात मजा जास्त असते.

तपासणी अशी करा. हाताने चालवायचा, गेज असलेला व्हॅक्यूम पंप घ्या. ॲक्चुएटरच्या दोन्ही तोंडांना आळीपाळीने १५ इंच, म्हणजे साधारण ३८० मिलिमीटर पारा, एवढा व्हॅक्यूम द्या. एक मिनिट सुई हलता कामा नये. दोन्ही बाजूंनी पडली तर डायफ्राम फाटलाय. एकाच बाजूने पडली तर दांड्याभोवतीचं रबरी सील गेलंय. अशा वेळी झाकण एका दिशेला झटकन जातं, दुसऱ्या दिशेला कुंथत. नवा ॲक्चुएटर खरंच लागतो तो या दोन प्रसंगी.

त्याआधीही दांडा सोडवून झाकण नुसत्या बोटाने हलवून बघा. नव्याने रंगवलेल्या गाडीत झाकणाच्या कडेला रंगाचा जाड थर घासतो, आणि दोष व्हॅक्यूमवर जातो.

व्हॅक्यूम चुकीच्या जागेवरून घेणं

ही चूक हौशी इंजिनवाल्यांची. खरं तर नळी थेट इंटेक मॅनिफोल्डलाच (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना) जोडायला हवी. कार्बोरेटरच्या थ्रॉटल प्लेटच्या (हवा अडवणाऱ्या झडपेच्या) वरच्या तोंडाला जोडली, तर आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, तिथे व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. मग झाकणं रेस दिल्यावरच हलतात आणि मालक 'स्विच खराब' म्हणून मोकळा होतो.

मूळ कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) असलेलं निरोगी व्ही-एट आयडलवर १६ ते २० इंच देतं. मोठा कॅम बसवला की तेच ८-१० वर येतं. आवाज गडगडाटी हवा आणि झाकणंही चटकन उघडायला हवीत, हे दोन्ही फुकटात मिळत नाही. व्हॅक्यूम साठवणारी नुसती मोठी टाकी लावून पूर्ण इलाज होत नाही, कारण स्रोताकडे जेवढा व्हॅक्यूम आहे त्यापेक्षा जास्त टाकीत साठणार नाही. ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतरणीला लागते तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम वाढतो. तो टाकीत पकडून ठेवतो चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. गाडी शहरातच फिरणार असेल, तर विजेवरचा छोटा व्हॅक्यूम पंप लावलेला बरा.

चेक व्हॉल्व्ह उलटा बसवणारे तर पावलोपावली भेटतात. पूर्ण थ्रॉटल दिला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम शून्याजवळ जातो. व्हॉल्व्ह उलटा किंवा गळका असेल, तर टाकी त्याच क्षणी रिकामी होते. तोंडाने फुंकून बघा: टाकीकडून इंजिनकडे हवा जायला हवी, उलट नाही. सगळं बसवल्यावर इंजिन बंद करून लाइट लावा. साठलेल्या व्हॅक्यूमवर झाकणं किमान एकदा तरी पूर्ण उघडायला हवीत.

बाकीच्या, थोडक्यात

सैल नळीला झिप टाय आवळू नका, योग्य मापाची नळी आणा. पातळ सिलिकॉनची रंगीत नळी दिसते छान, पण वळणावर चपटी होते.

नळ्या काढण्याआधी फोटो काढा. जीएमच्या (जनरल मोटर्स, म्हणजे कॅमेरो आणि जीटीओ) नळ्यांवर रंगीत रेघा असतात, त्या उगाच नाहीत.

डॅशखालून सुस्कारा ऐकू आला, तर स्विचमागचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह गळतोय.

बिजागऱ्यांना सिलिकॉन ग्रीस. पेट्रोलियम तेलाचा फवारा मारलात तर तो शेजारच्या रबरावर उडतो आणि रबर फुगतं.

अडकलेलं झाकण इंजिन चालू असताना ढकलू नका. दांडा वाकतो किंवा डायफ्राम फाटतो. १९६९ च्या आरएसच्या झाकणांना खाचा आहेत, त्यातून थोडा उजेड बाहेर पडतो. हळूहळू घरी पोचा आणि मग हात घाला.

विजेवर बदलण्याचे किट काही वाईट नसतात. पण गळती शोधायचा कंटाळा, एवढंच कारण असेल तर जरा थांबा. लावायचंच असेल तर रिले आणि फ्यूज स्वतंत्र द्या. पन्नास वर्षांच्या स्विचमधून मोटरचा करंट नेऊ नका.

१९६७ च्या कॅमेरोत मोटर बदलण्याआधी अर्थिंग बघा. बॉडी रंगवल्यावर अर्थच्या बोल्टखाली रंग राहतो आणि मोटर अर्धमेली फिरते. बोल्टखालचा पत्रा उघडा करा, मग लिमिट स्विच (झाकण टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा) तपासा. हे करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असू द्या, नाहीतर झाकण मध्येच फिरतं आणि बोटं सापडतात.