वांगासाठी ग्लायकोलिक पील करून घेताना

गालांवरच्या वांगासाठी ग्लायकोलिक पील, म्हणजे ग्लायकोलिक आम्ल लावून त्वचेचा वरचा पातळ थर काढणे, करून घ्यायचे ठरवले असेल, तर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या क्रीमची ट्यूब आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, कारण अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड असते आणि त्याने पातळ झालेली त्वचा आम्लाने सहज भाजते. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधी क्रीम), वॅक्सिंग व ब्लीच आठवडाभर आधी थांबवावे. सावळ्या त्वचेवर भाजल्याचा डाग महिनोन्महिने राहत असल्याने सुरुवात २० ते ३० टक्क्यांच्या द्रावणाने, २-३ मिनिटांपुरतीच व्हावी. थोडे चुरचुरते, पण त्वचा पांढुरकी दिसू लागताच द्रावण उदासीन करून (आम्लाचा परिणाम थांबवून) धुवावे लागते. नंतर सुटणारे पापुद्रे नखाने ओढू नयेत आणि दोन बोटांवर मावेल इतके सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावावे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पहिला पील करणे मात्र निव्वळ जुगार होय.